खातं राहू द्या, ठेव हलवा

बँक निवडताना नीतीचाही विचार करावा, असं म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "ते खरं आहे, पण ॲप चांगलं लागतं ना." भंडारा जिल्ह्यात हे उत्तर मी शिक्षकांकडून ऐकलं आहे, किराणा दुकानदारांकडून ऐकलं आहे आणि शेती विकून आलेला पैसा कुठे ठेवावा या विवंचनेतल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. माझ्या मते हे उत्तर खोटं आहे. बोलणारा खोटारडा नसतो, पण त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकात बांधलेल्या असतात.

सोय आता बँकेची राहिलेली नाही. भाजीवाल्याच्या ठेल्यावर लावलेला क्यूआर कोड कुठल्याही बँकेचं खातं स्वीकारतो. यूपीआय २०१६ साली आलं. डिसेंबर २०१९पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं. हे रस्ते सगळ्या बँकांना सामाईक आहेत. म्हणजे रोजच्या खर्चाचे पाच-दहा हजार ज्या खात्यात सोयीचे वाटतात तिथे ठेवा. त्यावर माझा आक्षेप नाही. प्रश्न उरलेल्या पैशाचा आहे. मुलीच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी जी मुदत ठेव तुम्ही तीन-पाच वर्षं हातही लावत नाही, तिला ॲपची काय गरज?

आमच्याकडच्या माणसाला हे मामा तलावावरून समजायला हरकत नाही. मालगुजारीच्या काळात कोहळ्यांनी बांधलेल्या या तलावांचं पाणी आधी पाळीखालच्या बांधीत जायचं. तलाव गावाचा आणि पाणी भलतीकडे, असं झालं असतं तर गाव गप्प बसलं नसतं. पैशाच्या बाबतीत मात्र आपण गप्प बसतो. लाखनी-साकोलीच्या शाखेत जमा झालेल्या ठेवीतून लाखनी-साकोलीत किती कर्ज वाटलं गेलं, हे आपण कधी विचारत नाही. शाखेच्या फलकावर ठेवीचा व्याजदर मोठ्या अक्षरांत असतो. कर्ज-ठेव गुणोत्तर तिथे शोधून पाहा.

मोठ्या बँका सरळ आहेत, असं समजण्याचं कारण नाही. स्टेट बँकेनं एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून १,७७१ कोटी रुपये दंड वसूल केला. दंड कोणाला बसतो? ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्यालाच. मार्च २०२०मध्ये तिनं ही अट काढली, ती लोक बोलले म्हणून. याच बँकेनं निवडणूक रोखे विकले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवल्यावर तपशील द्यायला जूनअखेरपर्यंतची मुदत मागितली. न्यायालयानं ती नाकारल्यावर तपशील दुसऱ्या दिवशी आयोगाकडे पोचला. व्यापारी बँकांनी ४० टक्के कर्ज शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावं, हा नियम आहे. पण कमी पडणारी बँक २०१६पासून दुसऱ्या बँकेकडून त्याचं प्रमाणपत्र विकत घेऊ शकते. कागद पूर्ण होतो, धानाच्या बांधीत एक रुपयाही जात नाही.

मग सहकारी बँक? इथे दुसरी लबाडी सुरू होते. "आपली बँक" म्हणून गळ घालणारे पुढारी नागपूर जिल्हा बँकेचं नाव घेत नाहीत. २००२मध्ये तिथे सरकारी रोख्यांच्या व्यवहारात सव्वाशे कोटींहून अधिक रक्कम बुडाली, शेतकऱ्यांचं पीककर्ज अडलं, आणि कनिष्ठ न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. आपलेपणा हा ताळेबंद नव्हे.

पण याच्या उलटही एक गोष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१६ला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. ज्या बँकेतून गावची सेवा सहकारी संस्था पीककर्ज देते, तीच बँक रब्बीच्या तोंडावर बाजूला काढली गेली. आमच्या नदीचं नाव लावणारी वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत गेली, आणि तीही १ मे २०२५ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. मुख्यालय आता छत्रपती संभाजीनगरला. निर्णय घेणारी खुर्ची या विलीनीकरणात वैनगंगेपासून आणखी लांब गेली. ठेवी मात्र इथूनच जातात.

म्हणून मी स्वच्छ बँक शोधत बसा असं म्हणत नाही. हिशेब मागा असं म्हणतो. ठेव ठेवण्याआधी शाखेत तीन गोष्टी विचारा: या शाखेच्या ठेवी किती आणि कर्ज किती, पीककर्जाचं उद्दिष्ट किती पूर्ण झालं, थकीत कर्जाचं प्रमाण काय. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची सल्लागार समिती बसते, तिथे हे आकडे येतात. अग्रणी बँकेकडे ते मागता येतात. सहकारी बँक असेल तर सभासद व्हा, वार्षिक अहवाल वाचा, आमसभेत चहा-नाश्त्याच्या आधी प्रश्न विचारा. आणि एका बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या वर ठेवू नका. फेब्रुवारी २०२०पासून ठेव विम्याची मर्यादा तेवढीच आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटीला हा विमा मुळीच नाही. जास्त व्याजाची जाहिरात वाचताना हे वाक्य पुन्हा वाचा.

"माझ्या दोन लाखांनी काय फरक पडणार?" असं विचारणाऱ्यांना मी म्हसवडकडे बोट दाखवतो. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून फेटाळला गेला होता. त्या हटल्या नाहीत, आणि १९९७मध्ये बँक उभी राहिली. नेदरलँड्समधली ट्रायोडॉस बँक कोणाला कर्ज दिलं ते जाहीर करते, आणि तरी तिचं दुकान चालतं. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्या बँकांना तसं कोणी विचारत नाही, एवढंच.

धानाचे चुकारे उशिरा आले की आपण खरेदी केंद्रावर जाऊन भांडतो, आणि योग्य करतो. मिळालेला चुकारा बँकेत टाकल्यावर मात्र तो कुठे गेला हे न विचारणं, याला मी सोय म्हणायला तयार नाही.