सैनिकांचा पगार वेगळा ठरवायचा? अग्निवीरांचा तसा ठरलाय!

नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये तयार झालेले दोन जवान समजा एकाच तोफेवर तैनात आहेत. एक नियमित भरतीतला, दुसरा अग्निवीर. दोघांचं काम एक आणि धोकाही एकच. पगार?

नियमित जवानाचं मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होतं. त्यात 5,200 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे एमएसपी. या दोन्हींवर महागाई भत्ता, जो जुलै 2025 पासून 58 टक्के होता. झाले साधारण साडेबेचाळीस हजार. अग्निवीराला पहिल्या वर्षी 30,000. त्यातले 9,000 सेवा निधीत जातात, हातात 21,000. त्याला महागाई भत्ता नाही, एमएसपी नाही, पेन्शनही नाही.

हे आत्ता सांगायचं कारण आठवा वेतन आयोग. तो नेमला गेल्यापासून एक जुनी मागणी पुन्हा फिरतेय: सैनिकांचा पगार बाबू लोकांबरोबर ठरवू नका, त्यांना वेगळा आयोग द्या.

मागणीत दम आहे. तिसऱ्या वेतन आयोगाच्या आधी सैन्याचा पगार वेगळ्या समित्याच ठरवायच्या. 1973 च्या अहवालापासून दोघं एका छत्राखाली आले. पण तुलना जमत नाही. कारकून साठीपर्यंत नोकरी करतो, शिपाई बहुतेकदा चाळिशीच्या आतच घरी येतो. त्याला युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही, मनात आलं म्हणून राजीनामाही देता येत नाही. याची भरपाई म्हणून सहाव्या आयोगाने एमएसपी आणला. सातव्याने तो जवानांना 5,200 आणि ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना 15,500 केला. तरीही 2016 मध्ये त्रुटींवरून तिन्ही सेनाप्रमुखांनी नवे पगार लागू करणं काही काळ थांबवलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आठव्या आयोगात तीन जण आहेत. त्यांत सैन्यातला एकही नाही.

मग वेगळा आयोग हाच उपाय? इथेच अग्निवीर आडवा येतो. त्याचा पगार वेगळाच आहे! तो कुठल्याही वेतन आयोगाने सुचवलेला नाही. 30,000, 33,000, 36,500, 40,000 हे चार वर्षांचे आकडे 2022 मध्ये योजनेसोबतच जाहीर झाले. बाबूंच्या रांगेतून बाहेर पडल्यावर त्याच्या हातून महागाई भत्ता गेला, आणि तो भत्ता त्या रांगेतल्या प्रत्येकाला मिळतो.

ब्रिटनमध्ये 1971 पासून सैन्याच्या पगारासाठी स्वतंत्र मंडळ आहे. ते दरवर्षी शिफारस करतं, छावण्यांत जाऊन सैनिकांशी बोलतं आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवतं. लष्करी जीवनाच्या खडतरपणासाठी पगारात 14.5 टक्के वाढ धरलेली असते. शेवटचा शब्द तिथेही सरकारचाच, पण शिफारस नाकारायची तर ती उघडपणे नाकारावी लागते. आपल्याकडे 'वेगळा पगार' मागणाऱ्या पोस्टमध्ये हा भाग सहसा नसतो. किती द्यायचे यावर शंभर कमेंट येतात, कोण आणि किती वर्षांनी ठरवणार यावर एखादी.

आठव्या आयोगाला नोव्हेंबर 2025 पासून 18 महिने दिलेत, म्हणजे मे 2027 पर्यंत. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून संपू लागतात. मूळ योजनेनुसार त्यांतले 25 टक्क्यांपर्यंत कायम होतील. बाकीचे अहवाल येण्याआधीच सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन घरी आलेले असतील.