व्याजाचा दर स्कोअरला दिसत नाही

ऑगस्टमध्ये विद्यार्थी येतात, नोकरीवाले वर्षभर येत राहतात, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच एक सल्ला हमखास मिळतो : "गाडी लोनवर घे. व्याज जास्त पडेल, पण क्रेडिट तयार होईल." सल्ला देणारा आपलाच असतो आणि मनापासून देत असतो. अमेरिकेत आल्यावर त्यानेही तेच केलेलं असतं, पुढे त्याचा स्कोअर चांगला झालेला असतो, त्यामुळे एकातून दुसरं झालं असं त्याला वाटतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. नव्या माणसाचे हजारो डॉलर त्यापायी जातात, आणि आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांनी तो देणं आता थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक बँका ज्यावर विसंबतात तो फायको स्कोअर ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले का, याला त्यात साधारण ३५ टक्के वजन आहे. डोक्यावर कर्ज किती, याला ३० टक्के आणि खाती किती जुनी, याला १५ टक्के. उरलेले दहा-दहा टक्के नव्या कर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. व्याजाचा दर या यादीत कुठेच नाही. खात्यावर किती टक्के व्याज लागतं ते स्कोअर काढताना धरलं जात नाही, असं फायको स्वतःच सांगते. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंकडच्या अहवालात कर्जाची मूळ रक्कम, शिल्लक, हप्ता आणि तो महिनोन्‌महिने वेळेवर आला की नाही, एवढं दिसतं. सात टक्क्यांनी कर्ज घेणारा आणि अठरा टक्क्यांनी घेणारा, दोघांनी हप्ते वेळेवर भरले तर स्कोअरच्या लेखी दोघे सारखेच. मग वरचे अकरा टक्के आपण कशासाठी भरतो?

त्या अकरा टक्क्यांची रक्कम किती होते ते पाहा. वापरलेल्या गाडीसाठी पंधरा हजार डॉलरचं, पाच वर्षांचं कर्ज धरू. सात टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे २९७ डॉलर, अठरा टक्क्यांनी सुमारे ३८१. महिन्याचा फरक ८४ डॉलर, आणि विकणारा बोलतो ते नेहमी या महिन्याच्या आकड्याबद्दल. पण पाच वर्षांत पहिल्या माणसाचं व्याज होतं सुमारे २,८२० डॉलर आणि दुसऱ्याचं ७,८५०. अठरा टक्क्यांच्या कर्जात पहिल्या महिन्याच्या ३८१ पैकी २२५ डॉलर नुसते व्याजात जातात. वर्षभरात साडेचार हजारांहून जास्त भरूनही मुद्दल कमी होतं ते जेमतेम दोन हजारांनी. गाडीची किंमत मात्र त्याच वर्षात भराभर उतरलेली असते. अशा वेळी अपघातात गाडी निकामी झाली, किंवा नोकरी जाऊन भारतात परतायची पाळी आली, तर गाडी देऊनही कर्ज फिटत नाही.

हा दर ठरतो कसा, हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. "डीलरने बँकेचं लोन करून दिलं" असं आपण म्हणतो. कागदावर चित्र वेगळं असतं. डीलरकडे हप्त्यांनी गाडी घेताना करार होतो तो बहुतेक वेळा आपला आणि डीलरचा, म्हणजे पहिला सावकार डीलरच. तो करार काही दिवसांत तो एखाद्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला विकून टाकतो. कुठल्या दराने करार विकत घेऊ हे बँकेने त्याला आधीच कळवलेलं असतं. समजा बँक बारा टक्के म्हणाली, तर डीलर आपल्याला चौदा टक्के सांगू शकतो, आणि वरच्या दोन टक्क्यांतला मोठा वाटा त्याला मिळतो. बँक बारावर तयार होती हे आपल्याला सांगायला फेडरल कायदा त्याला लावत नाही. १९६८ च्या ट्रूथ इन लेंडिंग कायद्यामुळे एपीआर (कर्जाचा वार्षिक दर), व्याजाची एकूण रक्कम आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज करारात ठळक चौकटीत छापावी लागते, पण त्यातले किती टक्के डीलरचे, हे त्या चौकटीत नसतं.

या वरच्या टक्क्यांना आळा घालायचे प्रयत्न झाले आहेत. ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१३ मध्ये गाडीकर्ज देणाऱ्या संस्थांना याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, काँग्रेसने त्या २०१८ मध्ये रद्द केल्या. बहुतेक डीलर तर २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानेच या ब्युरोच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या अखेरीस गाड्यांच्या विक्रीतल्या फसव्या प्रकारांविरुद्ध नवा नियम जाहीर केला, तो अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा फायनान्सच्या खोलीत सही करायला बसलेल्या मुलाच्या पाठीशी त्याला आधीच मिळालेल्या माहितीखेरीज फारसं काही नसतं. ती माहिती त्याला आपल्याकडून मिळते, म्हणून ती बरोबर असण्याची जबाबदारीही आपली आहे.

डीलरकडून बँकेकडे गेलेलं कर्ज तिथेच राहील याची खात्री नसते. बँक ते पुढे विकू शकते किंवा वसुलीचं काम दुसऱ्या कंपनीला देऊ शकते, आणि करारात आपण त्याला संमती दिलेली असते. गेल्या हिवाळ्यात मंडळातला एक तरुण त्याचे कागद घेऊन माझ्याकडे आला होता. त्याने क्रेडिट तयार करायचं म्हणूनच चढ्या व्याजाचं कर्ज घेतलं होतं आणि ऑटोपे लावून निर्धास्त झाला होता. कर्ज विकलं गेल्याचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेलं. हप्ता ठरल्याप्रमाणे जुन्या सावकाराकडे गेला, त्याने काही दिवसांनी तो परत पाठवला, आणि खात्यात जमा झालेले पैसे याच्या लक्षातच आले नाहीत. नव्या सावकाराच्या वहीत मात्र पहिलाच हप्ता चुकलेला. अहवाल काढला तेव्हा जुनं खातं 'हस्तांतरित, शिल्लक शून्य' असं दिसत होतं आणि त्याच्या खाली नवं खातं, 'तीस दिवस उशीर' या शेऱ्यासह. असा शेरा सात वर्षं राहू शकतो. ज्या एका गोष्टीसाठी तो इतकं व्याज भरत होता, त्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांच्या इतिहासालाच डाग लागला. खिशात पैसे असताना.

घराच्या कर्जाला इथे संरक्षण आहे. हप्ते गोळा करणारी कंपनी बदलली तर कर्जदाराला आधी कळवावं लागतं, आणि पुढचे साठ दिवस हप्ता वेळेत पण जुन्या कंपनीकडे गेला, तर तो उशिरा आला असं धरता येत नाही. गाडीकर्जाला हा फेडरल नियम लागू नाही. तरी कर्जदार अगदीच निराधार नाही. सगळ्या राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडनुसार हस्तांतराची सूचना हाती येईपर्यंत जुन्या सावकाराला दिलेले पैसे कर्जापोटीच दिलेले धरले जातात. सूचना मिळाल्यावर मात्र नव्यालाच द्यावे लागतात. कर्ज खरोखर तुमच्याकडे आलंय का, त्याचा पुरावा दाखवा, असं नव्या सावकाराला विचारण्याचा हक्कही आपल्याला आहे, आणि तो बजावावाच, कारण अशा पत्रांच्या नावाखाली फसवणारेही आहेत. पत्र आलं की आधी जुन्या सावकाराच्या माहितीतल्या नंबरवर फोन करून खात्री करावी, मग ऑटोपे बदलावा, आणि पुढचे दोन-तीन महिने नव्या खात्यावर हप्ता जमा झाल्याचं स्वतः पाहावं. पत्ता बदलला की टपाल खात्याबरोबर सावकारालाही कळवावं. चुकीचा शेरा पडलाच तर क्रेडिट ब्युरोकडे आणि सावकाराकडे लेखी तक्रार करावी. ब्युरोला साधारणपणे तीस दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. त्या तरुणाने बँकेची स्टेटमेंटं जपून ठेवली होती म्हणून त्याची तक्रार उभी तरी राहिली.

आणखी एक कलम कराराच्या मागच्या बाजूला असतं आणि कुणी वाचत नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७६ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे, डीलरने करार कुणालाही विकला तरी गाडीबाबत डीलरविरुद्ध आपल्या ज्या तक्रारी असतील त्या नव्या सावकारापुढेही मांडता येतात, आणि आपण भरलेल्या रकमेपर्यंत भरपाई मागता येते. डीलरने गाडीचा अपघात लपवला आणि सावकार "आमचा त्याच्याशी संबंध नाही" म्हणाला, तर हे कलम दाखवायचं.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की इथे गाडीवाचून चालत नाही. खरं आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोत निभेल, पण आपल्यातले कितीतरी जण अशा गावांत नोकरीला लागतात जिथे बस तासाने येते आणि संध्याकाळी बंद होते. त्यांना गाडी हवीच, आणि इथला क्रेडिट इतिहास नसल्याने पहिला दर चढाच मिळणार. त्यांना कर्ज घेऊ नका असं मी म्हणत नाही. गाडी हवी म्हणून कर्ज घ्या, लागेल तेवढीच गाडी घ्या, आणि चढा दर हा खर्च आहे हे धरून तो लवकरात लवकर उतरवा. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी एखाद्या क्रेडिट युनियनकडून मंजुरीचं पत्र आणा. फेडरल क्रेडिट युनियनांना बहुतेक कर्जांवर अठरा टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि अनेकदा त्यांचा दर त्याहून पुष्कळ खाली असतो. हातात ते पत्र असलं की डीलरला त्याहून कमी दर द्यावा लागतो, नाहीतर गिऱ्हाईक जातं. चार ठिकाणी चौकशी केली तर स्कोअर पडेल ही भीतीही अनाठायी आहे. चौदा दिवसांच्या आत गाडीकर्जासाठी झालेल्या सगळ्या चौकशा फायको एकच धरते.

कर्ज लवकर फेडलं तर क्रेडिट तयार होणं थांबतं, असंही सांगितलं जातं. या समजुतीपायी लोक हातात पैसे असूनही व्याज भरत बसतात. नीट फेडून बंद झालेलं खातं अहवालात साधारण दहा वर्षं राहतं आणि चांगलंच बोलत राहतं. बंद झाल्यावर स्कोअर थोडा खाली येऊ शकतो, पण त्या थोड्या गुणांसाठी वर्षाला हजार-दोन हजार डॉलर मोजण्यात काहीच अर्थ नाही. फक्त सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, की सुरुवातीलाच सगळं मोजून ठेवलंय? दुसऱ्या प्रकारात लवकर फेडूनही बचत कमी होते. एकसष्ट महिन्यांहून लांब कर्जांना त्यातली सर्वांत जाचक पद्धत कायद्याने बंद आहे. त्याहून छोट्या कर्जांना राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत.

आणि ज्याला फक्त क्रेडिट तयार करायचं आहे, त्याने कर्जाच्या वाटेला जायचं कारणच नाही. दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड मिळतं. त्यावर महिन्याचा फोन आणि किराणा टाकावा, बिल आलं की पूर्ण भरावं. व्याज शून्य. सहा महिन्यांत फायको स्कोअर निघण्याइतका इतिहास जमतो, आणि वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद गाडीच्या हप्त्यासारखीच होते. वेगळ्या प्रकारचं कर्जही अहवालात हवंच असेल, तर काही क्रेडिट युनियन बचतीच्या बदल्यात छोटं कर्ज देतात. रक्कम त्यांच्याकडेच राहते, आपण हप्ते भरतो आणि शेवटी ती आपल्याला मिळते. जुनं, नीट सांभाळलेलं कार्ड असलेल्या नातेवाइकाने आपल्याला त्या कार्डावर जोडून घेतलं तरी मदत होते. यांतल्या कुठल्याच मार्गाला हजारो डॉलर व्याज लागत नाही. तिन्ही ब्युरोंचा अहवाल अधिकृत संकेतस्थळावर दर आठवड्याला फुकट पाहता येतो. तो पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

नव्या माणसाला आपण विमानतळावरून आणतो, पहिले चार दिवस जेवू घालतो, गादी देतो. हे सगळं करणारी माणसं पैशाच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्ट पुढे ढकलतात, याचं मला वाईट वाटतं. मंडळात बँकेत काम करणारे आहेत, लेखापाल आहेत, दोन वकील आहेत. गणेशोत्सवाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावं, तिथे नव्या लोकांनी गाडीचा करार सही करण्यापूर्वी आणून दाखवावा, आणि चौकटीतले आकडे आपल्यापैकी कुणीतरी त्यांना मराठीत समजावून सांगावेत, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे दिला आहे. ज्यांना त्या टेबलावर तासभर बसायला जमेल त्यांनी आपली नावं सचिवांकडे द्यावीत.