जागलीला निघण्याआधी बॅटरी तपासा

भुईमुगाला शेंगा धरल्या, मक्याची कणसं भरायला लागली, की गावोगावची माणसं रात्रीची भाकर खाऊन शेताकडे निघतात. विदर्भात त्याला जागल म्हणतात, कोकणात राखण. हातात काठी, खांद्यावर चादर आणि कुठली तरी बॅटरी. रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी वावराची काय दशा होते, हे त्या माणसाला कुणी सांगायला नको. म्हणून 'जागल सोडा' असं मी म्हणणार नाही. घरात बसून पीक वाचत नाही. पण त्या रात्री तुमच्या हातात उजेड कोणता आहे, तो कुठे टाकता आणि त्यात दिसलेल्या गोष्टीवर काय करता, याचा विचार दिवसाउजेडीच करून ठेवा, एवढी कळकळीची विनंती आहे.

आधी पायाखालचं बघू. अंधारात बांधावरून चालणाऱ्या माणसाला डुकराच्या आधी साप भेटतो. घोणस गवतात निवांत पडून असते, पाय पडेपर्यंत हलत नाही. मण्यार तर रात्रीच फिरते आणि खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसालाही चावते. त्यामुळे उजेडाचं पहिलं काम म्हणजे पुढची दोन पावलं दाखवणं. मोबाइलची बॅटरी या कामाची नाही. तिचा उजेड चार हातांवर विरतो, एक हात अडकून राहतो आणि अडचणीच्या वेळी फोन करायला मोबाइलमध्ये चार्जिंग उरत नाही. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी घ्या. ती थोडी खाली झुकवून पायांपुढे उजेड पडेल अशी लावा, म्हणजे काठी आणि दुसरी मोठी बॅटरी धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. पायात गमबूट हवेत आणि झोपायचं असेल तर माळ्यावरच झोपायचं, जमिनीवर नाही.

आता डुकराचं. त्याचं नाक आणि कान फार तिखट आहेत, नजर मात्र बेताची. निळा आणि हिरवा-पिवळा उजेड त्याला नीट कळतो, लाल रंग जवळजवळ कळत नाही. याचा उपयोग आहे. कळप किती मोठा आहे, कुठल्या वाटेने येतो, कुंपण कुठे उकरून आत शिरतो, हे पाहायचं असेल तर लाल उजेड वापरा. डोक्याच्या पुष्कळ बॅटऱ्यांत लाल दिवा असतोच. नसेल तर काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबराने बसवा. यात तुमचाही फायदा आहे. माणसाच्या डोळ्याला अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झगझगीत उजेडात एकदा पाहिलं की तो सराव क्षणात जातो. मंद लाल उजेडात तो बराचसा टिकतो. मात्र लाल उजेड लांब पोचत नाही आणि त्यात रंग ओळखू येत नाहीत. वारा तुमच्याकडून कळपाकडे वाहत असेल तर कुठलाच रंग कामाचा नाही, तुम्ही बॅटरी लावायच्या आधीच त्याला तुमचा वास लागलेला असतो.

हाकलायचं असेल तेव्हा मात्र पांढरा उजेडच हवा. तो एकदम टाका आणि बरोबरीने आरडाओरडा करा, डबा बडवा. नुसत्या उजेडाला डुक्कर फार दिवस भीत नाही.

बॅटरी दूरवर टाकल्यावर दोन डोळे चमकले, की लगेच 'डुक्कर, डुक्कर' असा गलका होतो. पण ज्या जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यांचेच डोळे अंधारात लखलखतात. गाय, बैल, शेळी, कुत्रा, मांजर, हरीण, रोही, बिबट्या, वाघ या सगळ्यांना तो थर आहे. डुकराला नाही. त्याचे डोळे फार तर अंधूक लालसर दिसतात, बहुतेक वेळा तेही नाही. म्हणजे हिरवे-पिवळे डोळे ठसठशीत चमकले तर ते डुक्कर नव्हेच असं समजून चाला. ती शेजाऱ्याची सुटलेली म्हैस असेल, नाहीतर बिबट्या. डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हलतात कसे, हे पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

आणि याची दुसरी बाजू फार गंभीर आहे. माणसाच्या डोळ्यांतही तो थर नसतो. चादर पांघरून बांधाला बसलेला तुमचा शेजारी, पहाटे शेताच्या कडेला बसलेली बाई, पाणी द्यायला वाकलेला मजूर, यांपैकी कुणाचेही डोळे तुमच्या बॅटरीत चमकणार नाहीत. दिसेल तो फक्त एक काळा, हलणारा आकार. डुकराचाही तसाच दिसतो. शिकारीला गेलेल्या टोळीत सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातून येतात, त्या अशाच अंधारातल्या असतात. पुरतं शरीर, सोंड, कान, पाय दिसेपर्यंत ते डुक्कर नाही, माणूस आहे असंच धरून चाला. आणि तुम्ही स्वतः काळी चादर घेऊन जाऊ नका. पाठीवर आणि दंडावर चमकपट्टी असलेलं जाकीट घाला, रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसं. दुसऱ्याच्या बॅटरीत तुम्ही शंभर पावलांवरून माणूस म्हणून ओळखू येता.

विकत घेताना डब्यावरच्या लुमेनच्या आकड्यांवर जाऊ नका. स्वस्त मालावर वाटेल तो आकडा छापलेला असतो. दुकानदाराला सांगून अंधार पडल्यावर बाहेर लावून बघा. शंभर पावलांवरचं झाड स्पष्ट दिसलं तर राखणीला तेवढं पुरे. झोत लांब आणि अरुंद असणारी एक आणि आजूबाजूला पसरणारी एक, अशा दोन बॅटऱ्या एका महागड्या बॅटरीपेक्षा मला बऱ्या वाटतात. दहा मिनिटांनी उजेड मंदावतो का, हेही पाहा. चार्जिंगची बॅटरी निघण्याआधी घरी भरा, माळ्यावरच्या गवतात किंवा कडब्यात चार्जिंगला लावून झोपू नका. जादा सेल नेहमी खिशात हवेत.

रात्रभर जळणारा बल्ब लावून शेत सोडून येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डुक्कर हुशार जनावर आहे. एकाच जागी, एकसारखा जळणारा दिवा निरुपद्रवी आहे हे त्याला थोड्याच रात्रींत कळतं आणि मग ते त्याच्या उजेडात निवांत चरतं. लुकलुकणारे सौर दिवे थोडे जास्त दिवस चालतात, तेही दर दोन-तीन रात्रींनी जागा बदलली तर. दुसरं असं की पांढऱ्या दिव्यावर किडे येतात. बोंडअळीचे, लष्करी अळीचे पतंग उजेडाकडे ओढले जातात, म्हणून तर प्रकाश सापळे लावतात. डुकरासाठी लावलेला दिवा अळीला आवतण ठरायला नको.

आणि तो बल्ब बहुतेकदा आकडा टाकून ओढलेल्या वायरवर जळत असतो. तिथून पुढची पायरी म्हणजे शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात करंट सोडणं. या एका गोष्टीसाठी मी हात जोडतो. हे करू नका.

करंटची तार बघत नाही. तुम्ही बॅटरी टाकून निदान ओळखू तरी शकता, तार कुणाला ओळखत नाही. तिच्यात डुकराआधी शेजारी सापडतो, वासरू सापडतं, मोटार चालू करायला आलेला पोरगा सापडतो. ज्याने तार लावली त्याचीच बायको सकाळी भाजी काढायला जाऊन चिकटल्याचं ऐकलं आहे, आणि तशा बातम्या आपल्या राज्यात दरवर्षी छापून येतात. घरचे २३० व्होल्ट ओल्या मातीत उभ्या माणसाला पुरेसे असतात. सलग वाहणाऱ्या करंटने हाताचे स्नायू आवळले जातात, तार सोडावी म्हटलं तरी सुटत नाही. चंद्रपूर, गडचिरोलीकडे वाघ याच तारांत मेले आहेत. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, वन्यप्राणी गेला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. पण गुन्ह्याचं सोडा, शेजाऱ्याच्या घरात तेराव्याला तुम्ही कुठल्या तोंडाने जाल? कुणी अशी तार लावली असेल तर त्याच्याशी बोला. नाही ऐकलं तर महावितरणला कळवा. ही चुगली नाही. त्याच बांधावरून तुमचीही मुलं जातात.

झटका मशीन ही गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यात व्होल्ट हजारोंनी असतात, पण झटका क्षणापेक्षाही लहान असतो, साधारण सेकंदाला एक. मधल्या वेळात हात सुटतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. मात्र मशीन मान्यताप्राप्त कंपनीचंच घ्या, त्याची तार कधीही थेट लाईनला जोडू नका, खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा, कारण डुक्कर वरून उडी मारण्यापेक्षा खालून मुसंडी मारतं. तारेला लागणारं गवत कापत राहा. दर आठ-दहा पावलांवर तारेला पिवळी फलकी आणि चमकपट्टीचा तुकडा बांधा, म्हणजे रात्री बॅटरीत कुंपण लांबून दिसेल. सौर कुंपणासाठी सरकारी अनुदानाच्या योजना आहेत. सध्या अर्ज चालू आहेत का, ते वनरक्षकाला किंवा कृषी सहायकाला विचारा.

मोबाइलवर हल्ली अमेरिकेतल्या टेक्सासचे व्हिडिओ फिरतात. रायफलवर हिरवा दिवा, उष्णता टिपणारी दुर्बीण आणि एका रात्रीत डुकरांचा ढीग. ते पाहून गावातली तरुण पोरं तसली दुर्बीण मागवायच्या गोष्टी करतात. पोरांनो, तिथली गोष्ट वेगळी आहे. ती डुकरं मूळची तिथली नव्हेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव डुकरांची आणि नंतर युरोपातून शिकारीसाठी आणलेल्या रानडुकरांची ती औलाद. खाजगी जमिनीवर त्यांना मारायला टेक्सासात २०१९ पासून परवानाही लागत नाही. आपलं रानडुक्कर इथलंच आहे, वाघ-बिबट्याचं खाणं आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. पिकातून हाकलणं वेगळं आणि मारणं वेगळं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराबाबत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी मागण्याची पद्धत महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घालून दिली आहे. ती वाट धरा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचीच मालमत्ता असतं, मांसाचे वाटे घालता येत नाहीत. फासकी तर लावूच नका, तिच्यात बिबट्या अडकतो आणि मग सोडवायला जाणाऱ्या वनमजुराचा जीव टांगणीला लागतो. पिठात दडवलेला गावठी बॉम्ब गाईच्या जबड्यात फुटतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

उभं कुठे राहायचं, हेही महत्त्वाचं. डुक्कर बिथरलं की आल्या वाटेने पळतं. त्या वाटेवर तुम्ही उभे असाल तर ते तुमच्यावरूनच जाणार, आणि त्याचा सुळा माणसाच्या मांडीच्या उंचीवर असतो. दिवसा त्याची वाट शोधून ठेवा आणि रात्री तिच्या बाजूला, उंच बांधावर किंवा माळ्यावर राहा. पिलांसह असलेल्या मादीला आणि जखमी डुकराला कोंडू नका. उसाच्या पट्ट्यात, जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे अंधारात खाली वाकून किंवा उकिडवं बसू नका, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

एकट्याने जाऊ नका हे सांगणं सोपं, घरात माणूस नसेल तर पाळणं अवघड, हे मला कळतं. म्हणून शिवाराने एकत्र बसून पाळ्या लावा आणि बॅटरीच्या खुणा ठरवा. एक लांब झोत म्हणजे सगळं ठीक आहे. तीनदा भरभर उघडझाप म्हणजे धावत या. ठरलेल्या वेळी, समजा बारा आणि तीनला, प्रत्येक माळ्यावरून एकेक झोत दिसलाच पाहिजे. ज्याचा दिसला नाही त्याला फोन, फोन लागला नाही तर दोघांनी मिळून जायचं. याला पैसा लागत नाही.

आणि इतकं करूनही एखाद्या रात्री कळप पीक खाऊन गेला, तर सकाळी वावर आवरायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. उकरलेली माती, खुरांचे ठसे, पडलेली ताटं, मागे ओळखीची खूण येईल असे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा, क्षेत्र नीट मोजून लिहिलं आहे का ते वाचूनच सही करा. भरपाई कमी वाटते म्हणून तक्रारच न करणारे फार आहेत. तक्रार कागदावर आली नाही तर आपल्या शिवारात डुकराचा त्रास आहे हे सरकारदरबारी दिसतच नाही, मग कुंपणाच्या अनुदानाचा प्रश्नही पुढे सरकत नाही. ग्रामसभेत या तक्रारींची यादी वाचायला सांगा. त्याच सभेत शेतीला दिवसा वीज देण्याचा ठरावही मांडा, कारण रात्री बांधावर असलेली निम्मी माणसं डुकरासाठी नाही, पाण्याच्या पाळीसाठी तिथे असतात.