शस्त्रक्रियेनंतर भाटीची शुश्रूषा

आपल्या घरांतून मांजर पाळण्याची चाल जुनी आहे. परंतु पाळलेल्या भाटीचें निर्बीजीकरण करवून घेण्याची चाल अगदीं अलीकडची. त्यामुळें शस्त्रक्रिया झालेली भाटी घरीं आली म्हणजे तिचें काय करावें, हें सांगणारें वडील माणूस घरांत सांपडत नाहीं. बाळंतिणीची शुश्रूषा आजींना तोंडपाठ असते. पण पोटावर टांके घेऊन, अर्धवट भुलींत, पशुवैद्यांकडून टोपलींतून परत आलेल्या ह्या जिवापुढें चांगलीं शिकलेलीं घरेंही गोंधळून जातात. वाचकभगिनींकडून ह्याविषयीं वारंवार विचारणा होते, म्हणून आजचें सदर त्यालाच दिलें आहे.

प्रथम एका शंकेचा विचार करूं. कित्येक वडीलधाऱ्यांना हें कृत्य पापाचें वाटतें. मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें, असें ऐकत वाढलेल्या पिढीला मुक्या जनावराचें मातृत्व हिरावून घेणें रुचूं नये, हें स्वाभाविक आहे. आणि त्यामागील दयाबुद्धीही खरी आहे. परंतु भाटी चार-पांच महिन्यांची झाली कीं गाभण राहूं शकते, तिचा गर्भकाल अवघा नऊ आठवड्यांचा असतो, आणि एका वर्षांत तिचीं दोन-तीन वेतें सहज होतात. ह्या पिलांचें पुढें काय होतें? शेजारींपाजारीं दोन जातात, आणि उरलेलीं एके दिवशीं पिशवींत घालून मंडईच्या कोपऱ्यावर सोडलीं जातात. सोडणारा मागें वळून पाहत नाहीं, म्हणून त्याला पाप दिसत नाहीं, इतकेंच. शिवाय भाटीचें स्वतःचेंही हित त्यांत आहे. गर्भाशयांत पू होण्याचा प्राणघातक रोग तिला होत नाहीं. आणि सहा महिन्यांच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनीं कमी आढळला, असें अमेरिकेंत 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे.

ह्या शस्त्रक्रियेंत बहुधा अंडाशय व गर्भाशय दोन्ही काढून टाकतात. त्यासाठीं पोटाच्या मध्यभागीं किंवा कुशीवर छेद घेतात. बाहेरून जखम बोटाच्या पेरापेक्षां फारशी मोठी दिसत नाहीं, आणि त्यामुळेंच घरचीं माणसें फसतात. आंत पोटाचे स्नायूही शिवलेले असतात, व ते सांधण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. भाटी मात्र तिसऱ्या दिवशींच खिडकीवर उडी मारावयास निघते! तिला बरें वाटूं लागणें आणि ती बरी होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

पहिली रात्र जपण्याची. भुलीच्या अंमलांत मांजराला आपल्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. म्हणून वाऱ्यापासून दूर, शांत व अंधाऱ्या खोलींत, जमिनीवरच जुन्या धोतराची घडी घालून तिला निजवावें. पलंग, कोच, कपाटाचा माथा ह्या जागा वर्ज्य. कारण झोंकांड्या खाणारें जनावर उंचावरून पडलें तर टांके उसवतात. गरम पाण्याची पिशवी द्यावयाची असल्यास ती जाड फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी, अंगाखालीं ठेवूं नये. भुलींतील जिवाला चटका बसला तरी सरकतां येत नाहीं. भुलींत तिचे डोळे उघडेच असतात. ते पाहून घाबरूं नये, व ती जागी आहे असें समजून तोंडांत दूधही ओतूं नये. तें श्वासनलिकेंत गेल्यास जिवावर बेततें. ती मान सांवरून धरूं लागली म्हणजे वाटींत थोडें पाणी द्यावें, आणि कांहीं वेळानें नेहमींच्या अर्ध्याहून कमी अन्न. एखादी उलटी झाली तर भिण्याचें कारण नाहीं. वारंवार होऊं लागल्यास मात्र पशुवैद्यांस कळवावें.

एकत्र कुटुंबांत ह्या रात्रीं एक निराळीच अडचण येते. मुलांना मांजर पाहावयाचें असतें, काकूंना तिला कुरवाळावयाचें असतें, आजोबांना दिवा लावून जखम तपासावयाची असते. दुसऱ्या दिवशीं तीच भाटी तीन ठिकाणीं जेवते, आणि टांक्यांकडे कोणीच पाहिलेलें नसतें. कारण प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें पाहिलें असेल. म्हणून दहा-बारा दिवसांपुरती एकाच माणसावर जबाबदारी सोंपवावी. माझ्या अनुभवांत हें काम बारा-चौदा वर्षांची मुलगी उत्तम करते. तिला वही देऊन सकाळ-संध्याकाळ काय खाल्लें, शौच झालें कीं नाहीं, जखम कशी दिसते, हें लिहावयास लावावें. वडील माणसांस असली वही नियमानें लिहिण्याचा कंटाळा असतो.

दुसरी गोष्ट चाटण्याची. संस्कृतांत मांजराला मार्जार म्हणतात. तें नांव मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, ह्या धातूवरून आलें आहे. जें नांवानेंच अंग पुसणारें, तें जखम चाटल्याविना कसें राहील? परंतु मांजराच्या जिभेवर मागें वळलेले बारीक कांटे असतात, आणि त्यांच्या घर्षणानें टांके सुटतात व जखम चिघळते. जनावराची लाळ औषधी असते, ही समजूत येथें सोडून द्यावी. पशुवैद्य कर्ण्याच्या आकाराचा गळपट्टा देतात. तो घातल्यावर भाटी उलटी चालते, भिंतीला धडकते, आणि घरांतील सर्वांची करुणा जागी होते. त्या करुणेला बळी पडूं नये. जेवतांना कोणी समोर बसणार असेल तर तेवढा वेळ काढावा, एरवीं नाहीं. गळपट्टा मुळींच सोसत नसेल तर बाळाच्या जुन्या सुती झबल्यास पायांपुरतीं छिद्रें पाडून तें अंगांत चढवितां येतें. मात्र तें ओलें झाल्यास लगेच बदलावें.

आतां जें सांगावयाचें तें सर्वांत महत्त्वाचें. आमच्याच आळींतील एका सुशील कुटुंबांत शस्त्रक्रियेनंतर भाटी कण्हूं लागली. घरच्या मंडळींनीं कळवळून तिला पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी दुधांतून दिली. कांहीं तासांत तिचें तोंड व पंजे सुजले, हिरड्या मातकट दिसूं लागल्या, धाप लागली. आणि दुसऱ्या दिवशीं ती गेली. शस्त्रक्रिया निर्दोष झाली होती. मृत्यु मायेच्या हातून आला. जी गोळी आपण तान्ह्या मुलाला वैद्यांच्या सल्ल्यानें देतों, ती मांजराला विष आहे. हें औषध निकामी करण्यास लागणारी यकृतांतील क्रिया मांजराच्या ठायीं फार दुर्बळ असते. त्यामुळें तें शरीरांत विषारी रूप धारण करतें, रक्ताचा रंग पालटतो आणि त्याला प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. अॅस्पिरिन व आयबुप्रोफेन ह्यांचीही तीच गत. वेदना होत असतील तर त्या शमविल्याच पाहिजेत, सोसूं देण्यांत धर्म नाहीं. परंतु औषध पशुवैद्यांनींच वजन पाहून दिलेलें असावें. चुकून असली गोळी पोटांत गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहतां त्याच क्षणीं दवाखाना गांठावा. वेळेवर दिल्यास उतारा मिळूं शकतो.

जखमेवरही घरगुती उपचार नकोत. हळद, तेल, जंतुनाशक द्रव, कांहींच लावूं नये. लावलेलें सर्व ती चाटून पोटांत घालते. चौदा दिवस स्नान वर्ज्य. शौचाच्या पेटींत पहिले चार-पांच दिवस वाळूऐवजीं वर्तमानपत्राचे कपटे घालावे, म्हणजे कण जखमेंत शिरत नाहींत. छेदाच्या कडा जुळलेल्या, किंचित् लालसर व कोरड्या असाव्या. रक्त ठिबकणें, पू, दुर्गंधि, कडा उघडणें, वाढती सूज, फिकट पडलेल्या हिरड्या, लपून बसून हांकेला ओ न देणें, किंवा चोवीस तास अन्नाला तोंड न लावणें, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहूं नये. मांजराचा उपास आपल्या एकादशीसारखा नव्हे. तो लांबला, विशेषतः भाटी लठ्ठ असली, तर तिच्या यकृतांत चरबी सांठून दुसरें गंभीर दुखणें उभें राहतें.

घरांत दुसरें मांजर असेल तर परत आलेल्या बहिणीवर तें फिस्कारण्याचा संभव असतो. व्याकरणांत शाश्वत वैराचें उदाहरण म्हणून ‘मार्जारमूषकम्’ देतात. हें वैर तसें नव्हे. दवाखान्याच्या वासामुळें ओळख पटत नाहीं, एवढेंच. दोघांस चार-सहा दिवस वेगळें ठेवून एकीच्या अंथरुणाचें फडकें दुसरीपाशीं ठेवावें. वास मिसळला कीं भांडण मिटतें.

टांके आपोआप विरघळणारे नसतील तर दहा ते चौदा दिवसांनीं काढवून घ्यावे. पुढें तिची भूक वाढते, पण शरीराची गरज मात्र पूर्वींपेक्षां कमी होते; म्हणून महिन्यांतून एकदां वजन पाहून अन्न बेतानें द्यावें. बोक्याची शस्त्रक्रिया पुष्कळच सोपी, व तो थोड्याच दिवसांत हिंडूं लागतो. तथापि शस्त्रक्रियेनंतरही कांहीं आठवडे त्याच्यापासून गर्भ राहण्याचा संभव असतो, तेव्हां तेवढे दिवस त्याला घरांतील इतर भाट्यांपासून दूर कोंडून ठेवावें.