गणिताचा कट्टा : डोंबिवली स्टेशनावरची संख्या



या वेळची संख्या मुलांना शेजारी बसवून वाचा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, मधोमध ९. डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच!

हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा, वर्ग. गुणाकार कागदावर मांडा. तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. कुठेही ९ च्या पुढे जात नाहीत, म्हणून हातचा येत नाही. गुपित एवढंच! दहा एकांचा वर्ग केला की मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि आरसा फुटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आणखी गंमत म्हणजे आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने पूर्ण भागही जातो. कारण नऊ एकांना ९ ने भाग जातो, तेव्हा त्यांच्या वर्गाला ९ × ९ ने जाणारच.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. ६१७४ या संख्येमुळे पुढे जगभर नाव झालेले कापरेकर ते हेच.

आता ही संख्या मोठ्याने वाचायची कशी? इथल्या शाळेतली मुलं म्हणतील १२ बिलियार्डन, ३४५ बिलियोनन, ६७८ मिलियार्डन... इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, पण जर्मन बिलियोन त्याच्या हजारपट. मोठ्यांचाही गोंधळ होतो! आपल्याकडे मात्र प्रत्येक घराला स्वतःचं नाव आहे. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त अशी अठरा नावं आहेत. आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या घरात, 'मध्य'वर बसतो.

प्रयोगशाळेत आम्ही दहाचा घात लिहून मोकळे होतो. घरी तसं नको. फोनवर आजोबा 'दीड कोटी' म्हणाले की आपली मुलं गप्प होतात. गणित त्यांना येतं, शब्द येत नाही. तो शब्द शाळा देणार नाही, आपणच द्यायला हवा. रोज जेवताना एक संख्या मराठीत वाचली तरी पुरे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी कोडं: १२३४५५४३२१ हा फक्त १ हाच अंक असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार आहे. कोणत्या? उत्तर पुढच्या अंकात. अट एकच, आधी ही संख्या आजी-आजोबांना फोनवर मराठीत वाचून दाखवायची!