सिकलसेलची गोळी मागून घ्या

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली. एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. तिथे या आजाराचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत आणि बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. १९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी हा आजार नोंदवला, पण त्यावरचं पहिलं औषध, हायड्रॉक्सीयुरिया, मंजूर व्हायला १९९८ उजाडलं. दुसरं आलं २०१७ मध्ये. आजही तिथल्या इस्पितळात वेदनेने तळमळणाऱ्या काळ्या तरुणाकडे, हा नशेसाठी इंजेक्शन मागतोय, अशा संशयाने पाहिलं जातं.

आपल्याकडे हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबारच्या आदिवासी घरांत आहे, विदर्भातल्या दलित आणि ओबीसी वस्त्यांतही आहे. पोराचे हातपाय सुजतात, रात्रभर ते कण्हतं. कुणी त्याला वात म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. गावातला डॉक्टर एक इंजेक्शन टोचून परत पाठवतो. यात वर्षं जातात. करोडोंचा उपचार आपल्या दारी कधी येईल तो येवो. हायड्रॉक्सीयुरिया मात्र जुनं आणि स्वस्त आहे. त्याने कळा कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. तेही आपल्या लोकांपर्यंत पोचत नाही, याचा मला संताप येतो.

म्हणून सांगतो, आधी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. पहिल्या साध्या चाचणीवर थांबू नका. ‘एएस’ की ‘एसएस’ हे पुढच्या तपासणीत कळतं, तो कागद जपून ठेवा. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे; एसएस म्हणजे आजारी. पण नवराबायको दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. सोयरीक जुळवताना हे लपवू नका.

एसएस निघालं तर सरकारी दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरियाबद्दल स्वतःहून विचारा. सुरू झाल्यावर ठरल्या वेळी रक्ततपासणी करा आणि बरं वाटतंय म्हणून मनाने गोळी बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. पोराला पाणी भरपूर पाजा. एसएस पोराचा ताप १०१ वर गेला, तर सकाळपर्यंत थांबू नका, मिळेल त्या गाडीने रात्रीच मोठा दवाखाना गाठा.