बागेपुरता सापळा पुरणार नाही

युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला, तेव्हा अळू, कारले, पडवळ आणि वांगेही त्याच बंदीत गेले. 2013 या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली होती. 2015 च्या जानेवारीत आंब्याची बंदी उठली. पण ऐन हंगामात आलेल्या त्या तडाख्यानंतर कोकणात निर्यातीचा विषय निघाला की बोलणे प्रक्रिया केंद्रावर येऊन थांबते. युरोपसाठी 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर, जपानसाठी उष्ण बाष्प, अमेरिकेसाठी किमान 400 ग्रेची विकिरण मात्रा. अमेरिकेचे दार 2007 मध्ये उघडले ते या विकिरणामुळेच. लासलगाव आणि वाशी येथे ती सोय आहे. मालवणच्या बागायतदाराला वाशी सुमारे पाचशे किलोमीटर पडते, म्हणून जिल्ह्यात केंद्र हवे ही मागणी रास्तच आहे. तरीही आमच्या मते ती दुसऱ्या क्रमांकाची आहे. प्रक्रियेने फळातली अंडी-अळी मरते किंवा पुढे वाढत नाही. नासलेले फळ सुधारत नाही. फळमाशी बागेत शिरते आणि तिचा बंदोबस्त बागेतच व्हायला हवा.

मसुऱ्याचे उदाहरण घेऊ. कालावल खाडीकाठचे हे गाव. भराडीदेवीच्या जत्रेने महाराष्ट्रभर ठाऊक झालेली आंगणेवाडी याच गावची वाडी. भरतगडाच्या तटाआत आंब्याची कलमे उभी आहेत आणि खाडीतल्या जुव्यांवर, म्हणजे लहान बेटांवर, माडांच्या बागा. सातबारावर एकेका जमिनीला अनेक हिस्सेदार, त्यातले बरेच मुंबईत. काही बागा कराराने दिलेल्या, काहींकडे कुणी फिरकतच नाही. करारदार आंबा उतरवतो, उरलेला कॅनिंगला घालतो आणि जातो. झाडाखाली पडलेला आंबा तिथेच सडतो. वाटेवरच्या रायवळ झाडांना तर कुणी वालीच नसतो. मे महिन्यात वळवाची सर आली की माशी वाढते. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गर खाऊन मातीत उतरते, तिथे कोष होतो आणि त्यातून नवी माशी निघते. आंबा संपला की ती पेरू, चिकू, जामावर जाते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर रक्षक सापळा दिला आहे. स्वस्त आणि वापरायला सोपा. त्यातल्या मिथिल युजेनॉलच्या वासाने नर माशी येते आणि मरते. नर उरले नाहीत की माद्या फलित होत नाहीत, असे हे साधे गणित आहे. पण एकट्याने आपल्या दहा गुंठ्यांत सापळे टांगले, तर शेजारच्या बागेत फलित झालेली मादी उडत येऊन त्याच्या आंब्यावर बसते. ती सापळ्याकडे जातच नाही, कारण तो वास नराला ओढणारा आहे. मग बागायतदार म्हणतो, सापळ्याचा उपयोग नाही, आणि फवारणी वाढवतो. फवारणी वाढली की फळात कीटकनाशकाचा अंश राहतो आणि परदेशात माल त्या कारणाने अडतो. दोष सापळ्याचा नाही. तो एकेका बागेत टांगला जातो, हा दोष आहे.

जपानच्या ओकिनावा बेटांनी हे काम सामुदायिक रीतीने केले. आपल्या आंब्यात असते त्याच जातीची फळमाशी तिथे होती आणि बेटांवरचा माल जपानच्या मुख्य भूमीवर पाठवायला बंदी होती. त्यांनी हेच मिथिल युजेनॉल कीटकनाशकात मिसळून, त्यात भिजवलेले तुकडे सगळ्या बेटांवर, हेलिकॉप्टरनेसुद्धा, टाकले. 1986 पर्यंत ती माशी तिथून संपली. वेलभाज्यांवरच्या माशीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या वांझ माश्या वर्षानुवर्षे सोडल्या आणि 1993 मध्ये तीही गेली. मग तिथले कारले आणि आंबा जपानभर मोकळेपणाने जाऊ लागला.

आमच्या जुव्यांना समुद्राने असे दूर ठेवलेले नाही. खाडी ओलांडायला माशीला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून निर्मूलनाची भाषा आम्ही करत नाही. पण जुवे आणि खाडीचे दोन्ही काठ मिळून एकच क्षेत्र धरले, फळ सुपारीएवढे झाल्यापासून पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक बागेत, रायवळाखाली आणि मुंबईकराच्या कुलूपबंद परड्यातही सापळे राहिले, पडलेले फळ दर दोन दिवसांनी उचलून खोल पुरले, तर माशीची संख्या निश्चित खाली येईल. वायंगणात कारले-पडवळ घेणाऱ्यांसाठी क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषाचे वेगळे सापळे लागतील, हे विसरता कामा नये.

नव्या पिकांबद्दलही बोलायला हवे. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने लाखी बागेचा नमुना दाखवून बरीच वर्षे झाली : माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी. सुकवून विकायच्या या मसाल्यांना फळमाशीचे भय नाही आणि जुव्यावरून होडीने न्यायलाही ते हलके. ज्या माडांवर पांढरी माशी बसून उत्पन्न घटले आहे, तिथे हे दुसरे उत्पन्न घर सावरू शकते. मात्र खाडीतला वाळूउपसा जुव्यांचे काठ खात राहिला, तर रोप लावायला जमीनच उरणार नाही. तो आधी थांबवला पाहिजे.

1990 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीतून फळबागा लावून दिल्या. कोकणच्या कातळावर हिरवळ आली ती बरीचशी त्या निर्णयाने. त्याच योजनेतून आता पडलेले फळ वेचण्याची आणि सापळे राखण्याची मजुरी द्यावी. काम ग्रामपंचायतीकडे असावे, सापळ्यांत दर आठवड्याला किती माश्या सापडल्या याची नोंद वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तपासावी आणि बाहेरगावी असलेल्या मालकाच्या बागेत शिरण्याचा अधिकार ग्रामसभेच्या ठरावाने मिळावा. मसुऱ्यापासून हे सुरू करायला पुढच्या मोहराची वाट पाहण्याचे कारण नाही. कोष आत्ताही मातीत आहेत.